प्राचीन जगाचा कालक्रम कसा शिकावा?

इतिहास म्हणजे सनावळी, आणि सनावळी म्हणजे पाठांतराचा जाच, अशी समजूत आपल्याकडे घरोघर रूढ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सालें घोकावयाचीं, दुसऱ्या दिवशीं तीं उत्तरपत्रिकेंत उतरवावयाचीं, आणि तिसऱ्या दिवशीं विसरून जावयाचीं, हा परिपाठ पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. माझें आयुष्य नाशकांत मुलांना इतिहास शिकविण्यांत गेलें. त्या अनुभवाच्या आधारें आज एक विचार आपल्यापुढें मांडतों. सुटें साल लक्षांत राहत नाहीं आणि राहिलें तरी त्याचा उपयोग होत नाहीं. पण तें साल कसें ठरलें आणि त्याच्या शेजारीं काय काय घडत होतें, हें एकदां कळलें म्हणजे तें विसरूं म्हटलें तरी विसरत नाहीं.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्यांना आपण प्राचीन म्हणतों, त्या लोकांना आपण इसवी सनापूर्वीं अमुक वर्षीं जगत आहों याची वार्ताही नव्हती. इसवी सन मोजण्याची कल्पना सहाव्या शतकांत एका ख्रिस्ती साधूला सुचली. त्यापूर्वीं प्रत्येक देशाची कालगणना निराळी होती. राजे आपल्या राज्यारोहणापासून वर्षें मोजीत. रोमन लोक त्या वर्षीं अधिकारावर असलेल्या दोन कॉन्सलांचीं नांवें सांगत. ग्रीक लेखक ऑलिंपिक खेळांचीं चार चार वर्षांचीं आवर्तनें मोजीत. प्रत्येक गांवांत एक घड्याळ असावें, प्रत्येकाची वेळ वेगळी असावी, आणि एकाचें दुसऱ्याशीं जुळविण्याची सोय नसावी, तशी ही स्थिति होती. हीं सारीं घड्याळें एकमेकांशीं जुळवून घेणें, यालाच कालक्रम ठरविणें असें म्हणतात. हें काम कसें चालतें, तें पाहण्यासाठीं आपल्याला इजिप्तला जाण्याचें कारण नाहीं. त्याचा एक उत्तम नमुना नाशिक शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर उभा आहे.

मुंबईच्या रस्त्यालगतचीं पांडवलेणीं आपल्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. लेखांतून ज्याला त्रिरश्मि म्हटलें आहे, त्या डोंगरांत हीं चोवीस लेणीं आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जांवई उषवदात ऊर्फ ऋषभदत्त याचे लेख आहेत. बेचाळिसाव्या वर्षीं, वैशाख महिन्यांत, त्यानें भिक्षुसंघासाठीं तीन हजार कार्षापण नाणीं गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवलीं. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावासांतील वीस भिक्षूंना वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावयाचे होते. हिशेब करून पाहावा: दोन हजारांचें व्याज महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशें चाळीस, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकीं बारा, म्हणजेही दोनशें चाळीसच. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा जमाखर्च आजही बरोबर जुळतो!

सर्व कांहीं इतकें चोख लिहिलें आहे. पण बेचाळिसावें वर्ष म्हणजे कशाचें बेचाळिसावें, तें मात्र लिहिलेलें नाहीं. लिहिण्याची गरजच नव्हती. त्या वेळीं वाचणाऱ्या प्रत्येकाला तें ठाऊक होतें. आपल्या घरच्या जुन्या पत्रावर नुसतें "शुक्रवार, दुपार" असें लिहिलेलें असावें, तसेंच हें आहे.

आतां तिसऱ्या लेण्याकडे वळूं. तेथें गौतमीपुत्र सातकर्णि याची अठराव्या वर्षाची आज्ञा कोरलेली आहे. आजपर्यंत उषवदाताकडे असलेलें दोनशें निवर्तनांचें एक शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावें, असें त्या आज्ञेंत म्हटलें आहे. म्हणजे पहिल्या लेखांतील दाता दुसऱ्या लेखांत मागचा मालक झाला. त्याच लेण्यांत पुळुमावि राजाच्या एकोणिसाव्या वर्षीं गौतमीपुत्राची माता बलश्री हिनें कोरविलेला मोठा लेख आहे, आणि तींत आपल्या पुत्रानें नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केला असें ती अभिमानानें सांगते. दोन राजवटींचीं दोन घड्याळें येथें एकमेकांना भिडलीं.

पण मातेनें केलेली पुत्राची स्तुति पुरावा म्हणून कितपत धरावी, अशी शंका कोणी काढील. त्या शंकेचें उत्तर सन १९०६ मध्यें मिळालें. नाशिक जिल्ह्यांतच जोगलटेंभी येथें नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. सुमारें तेरा हजार अडीचशें चांदीचीं नाणीं होतीं, आणि तीं सर्व नहपानाचीं. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. खालीं नहपानाचा मुखवटा, आणि वर गौतमीपुत्राचीं चिन्हें. कोण आधीं आणि कोण नंतर, या प्रश्नाचा निकाल याहून स्पष्ट कसा लागणार?

क्रम ठरला, आतां वर्ष कोणतें? नहपानाच्या काळाचा शेवटचा ज्ञात आंकडा शेहेचाळीस हा आहे. तो जुन्नरच्या एका लेखांत येतो. हीं वर्षें इ. स. ७८ मध्यें सुरू झालेल्या शकाचीं मानलीं, तर शेहेचाळिसावें वर्ष इ. स. १२४ च्या सुमारास येतें, आणि नहपानाचा पराभव त्यानंतर लागलीच झाला असें ठरतें. पुष्कळ वर्षें विद्वानांचा कल या मताकडे होता. दुसरा पक्ष असा कीं, हीं नहपानाच्या स्वतःच्या राजवटीचीं वर्षें आहेत, आणि त्याचा शेवट इ. स. ७८ च्या सुमारासच झाला. या पक्षाला ग्रीक भाषेंतील एका लेखाचा आधार आहे. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका खलाशी व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' नांवाचें समुद्रप्रवासाचें टिपण लिहिलें. त्यांत भडोचच्या मुलखाच्या राजाचें जें नांव आलें आहे, तें नहपानाचेंच असावें असें बहुतेकांना वाटतें. तसें असेल तर नहपान दुसऱ्या शतकापर्यंत खालीं ओढतां येत नाहीं. अलीकडे नाण्यांचे अनेक अभ्यासक याच मताचे झाले आहेत. दोन मतांत अंतर सुमारें पन्नास वर्षांचें आहे.

येथें मला सांगावयाची मुख्य गोष्ट येते. प्राचीन काळांतील सर्व सालें एका जातीचीं नसतात. त्यांच्या तीन प्रती कराव्या. पहिली प्रत निश्चित वर्षाची. दुसरी सुमाराची, म्हणजे दहा, वीस किंवा पन्नास वर्षें मागेंपुढें होऊं शकणारी. तिसरी केवळ क्रमाची, जेथें वर्ष ठाऊक नसतें, पण हें आधीं आणि तें नंतर एवढें ठाम असतें. नहपानाचा पराभव दुसऱ्या प्रतींत बसतो. नहपानानंतर गौतमीपुत्राचा अंमल, हा क्रम मात्र अढळ आहे. शाळेच्या पुस्तकांत या तिन्ही प्रतींचीं सालें एकाच ठशांत, एकाच ओळींत छापलेलीं असतात, आणि त्यामुळें मुलाला सर्वच सारख्या खात्रीचीं वाटतात. मुलानें आपल्या वहींत निश्चित सालाखालीं रेघ ओढावी, सुमाराच्या सालापूर्वीं 'सु.' लिहावें, आणि केवळ क्रम असेल तेथें बाण काढावा. एवढ्या एका संवयीनें निम्में काम होतें.

निश्चित सालें मिळतात तरी कोठून? याचें सर्वांत सुंदर उदाहरण प्राचीन असुरियाचें आहे. तेथें प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचें नांव देत. आपल्या पंचांगांत संवत्सरांना नांवें असतात तसाच हा प्रकार; फरक इतकाच कीं, आपलीं साठ नांवें फिरून फिरून येतात, त्यांचीं तशी ठराविक आवर्तनें नव्हतीं. त्या नांवांच्या याद्या मातीच्या विटांवर लिहिलेल्या सांपडल्या. ओळीनें अडीचशेंहून अधिक वर्षें जुळलीं; पण ती सारी माळ अधांतरीं लोंबत होती. तींत बुर-सगले नांवाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढें एक टीप होती: या वर्षीं सिमानु महिन्यांत सूर्याला ग्रहण लागलें. ज्योतिर्गणितानें तें ग्रहण इ. स. पू. ७६३ मधील १५ जूनचें ठरलें, आणि त्या एका खिळ्यानें सबंध माळ भिंतीला पक्की झाली. आकाश खोटी साक्ष देत नाहीं.

आपल्या देशाच्या प्राचीन इतिहासाचा असा खिळा कोणता? ग्रीक लेखकांनीं सँड्रोकोटस नांवाच्या भारतीय राजाचा उल्लेख केला आहे. तो म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य, हें सर विल्यम जोन्स यांनीं सन १७९३ मध्यें कलकत्त्यास दाखवून दिलें. अलेक्झांडर झेलमच्या कांठीं लढला तें वर्ष इ. स. पू. ३२६, आणि तो बाबिलोनांत मरण पावला तें ३२३. हीं दोन्ही सालें निश्चित आहेत. चंद्रगुप्ताचा उदय त्याच्या लगेच मागून झाला. पुढें चंद्रगुप्ताचा नातू अशोक यानें आपल्या तेराव्या शिलालेखांत पांच यवन राजांचीं नांवें घातलीं: अंतियोक, तुरमाय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुदर. हे सीरिया, इजिप्त, मॅसिडोनिया इत्यादि देशांचे राजे. त्यांतील अंतियोक इ. स. पू. २६१ मध्यें गादीवर आला, आणि मग हा २५० च्या सुमारास वारला. म्हणजे हे सर्व एकाच वेळीं राज्य करीत होते तो काळ जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. त्या अरुंद फटींत अशोकाचा लेख बसवावा लागतो, आणि तेथून मागें मोजतां त्याचा राज्याभिषेक इ. स. पू. २६८ च्या सुमारास येतो. याच अशोकाच्या शिलालेखांपैकीं एकाचा तुकडा ठाणें-वसईकडील सोपारा येथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सन १८८२ मध्यें मिळाला. कैरोपासून सोपाऱ्यापर्यंत एकच दोरी ओवली गेली आहे, ती अशी.

आतां ही विद्या घरीं मुलांना कशी द्यावी, तें सांगतों. कागदाची एक लांब पट्टी घ्यावी. एक अंगुळ रुंदी म्हणजे एक शतक, असें प्रमाण धरावें. इ. स. पू. ३००० पासून इ. स. ५०० पर्यंत पस्तीस शतकें होतात, म्हणजे पस्तीस अंगुळें. चोवीस अंगुळांचा एक हात धरला, तर सारें प्राचीन जग दीड हातांहूनही कमी जागेंत मावतें! डावीकडून तीस अंगुळांवर एक ठळक उभी रेघ काढावी. तेथें इसवी सन सुरू होतो.

या पट्टीवर प्रथम बाराच खुंट्या ठोकाव्या, अधिक नकोत. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड, सु. इ. स. पू. २५६०. सिंधूकांठच्या नगरांचा भरभराटीचा काळ, सु. २६०० ते १९००. बाबिलोनच्या हम्मुराबीचा अंत, सु. १७५०. इजिप्त व हिटाइट यांची कादेशची लढाई, सु. १२७४. असुरियांतील सूर्यग्रहण, ७६३. सायरसनें बाबिलोन घेतलें, ५३९. मॅरॅथॉनची लढाई, ४९०. झेलमची लढाई, ३२६. अशोकाचा राज्याभिषेक, सु. २६८. चीनचें एकीकरण, २२१. जूलियस सीझरचा वध, ४४. आणि शकाचा आरंभ, इ. स. ७८. बाकीचें सर्व ज्ञान या खुंट्यांना टांगावें.

मग पट्टी आडवी वाचण्याऐवजीं उभी वाचावयास शिकवावें, म्हणजे एकाच अंगुळांत कोठें काय चाललें होतें तें विचारावें. रामेसिस कादेशला रथ दौडवीत होता, त्या शतकांत आपल्याकडे काय होतें? संगमनेरजवळ प्रवरेच्या कांठीं जोर्वे येथें तांबड्या मडक्यांवर काळी नक्षी काढणारे लोक राहत होते. त्यांची संस्कृति सु. इ. स. पू. १४०० ते ७०० या काळांतील. नाशकांतील जुन्या गढीवर सन १९५०-५१ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं उत्खनन केलें, तेव्हां तेथेंही तळच्या थरांत ताम्रपाषाणयुगाच्या खुणा मिळाल्या. तसेंच पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा दाता पाहावा. तो उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नांवाचा यवन होता. यवनाचें नांव इंद्र आणि अग्नि यांवरून, आणि दान बौद्ध संघाला! अशा ठिकाणीं मुलाला प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले कीं सालें आपोआप चिकटतात.

गणितांतील दोन खांचखळगेही सांगून ठेवतों. इ. स. पू. १ नंतर एकदम इ. स. १ येतें, मध्यें शून्य वर्ष नाहीं. म्हणून झेलमच्या लढाईपासून शकाच्या आरंभापर्यंत किती वर्षें झालीं, हें काढतांना ३२६ व ७८ यांची बेरीज करून एक वजा करावा, उत्तर ४०३. दुसरें, इसवी सनापूर्वींचीं शतकें उलट चालतात. मॅरॅथॉन ४९० मध्यें झालें, म्हणजे तें पांचव्या शतकाच्या आरंभीं झालें, अखेरीस नव्हे. चांगलीं हुशार मुलेंही येथें ठेंचकाळतात.

शाळेंतील एक प्रसंग आठवतो. एका विद्यार्थ्याला सर्व सनावळी तोंडपाठ होती. मी त्याला विचारलें, "गौतम बुद्ध आणि अलेक्झांडर यांची भेट होणें शक्य होतें काय?" तो गप्प राहिला. साल दोन्हींचें ठाऊक होतें, पण तीं दोन सालें त्याच्या मनांत कधीं एकमेकांशेजारीं बसलींच नव्हतीं. मागच्या बांकावरच्या एका मुलानें हळूच विचारलें, "गुरुजी, बुद्धाचें साल पक्कें आहे का?" मला त्या मुलाचें फार कौतुक वाटलें. बुद्धाच्या निर्वाणाचें साल सिंहली परंपरेनें इ. स. पू. ५४३ मानलें आहे. पुष्कळ पंडित तें ४८३ च्या सुमारास धरतात. कांहीं तर ४०० च्या जवळ आणतात. पण तिन्हींपैकीं कोणतेंही घेतलें तरी तें ३२६ च्या आधींचें आहे. साल अनिश्चित, पण उत्तर निश्चित: भेट शक्य नव्हती. किती ठाऊक आहे आणि तेवढ्यावर काय ठामपणें म्हणतां येतें, हें ओळखणें म्हणजेच शिक्षण.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ परीक्षेचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. आपल्या घरांत, ओट्यावर, लग्नकार्यांत प्राचीनाविषयीं बोलणें नेहमींच निघतें. एक जण म्हणतो, आपलें सर्व कांहीं दहा हजार वर्षांपूर्वींचें आहे. दुसरा म्हणतो, आपण सर्व कांहीं ग्रीकांपासून घेतलें. दोघेही सारख्याच आवेशानें बोलतात, आणि मुलें ऐकत असतात. कोणी कोणापासून काय घेतलें, हें ठरविण्यापूर्वीं कोण आधीं आणि कोण नंतर, हें ठरलें पाहिजे. ज्याला कालक्रम ठाऊक नाहीं, त्याला कोणीही काहींही पटवून देऊं शकतो, आणि आपण फसलों हेंही त्याला कळत नाहीं. पूर्वजांचा अभिमान अवश्य असावा; पण तो खऱ्या पूर्वजांचा असावा. त्रिरश्मीच्या भिंतीवर व्याजाचा हिशेब पै न पै कोरून ठेवणाऱ्या लोकांचे वंशज म्हणवून घ्यावयाचें असेल, तर वर्षांचा हिशेब आपणही तितकाच चोख ठेविला पाहिजे.

आणि कालक्रम नम्रताही शिकवितो. पट्टीवर बोट ठेवून पाहा. उषवदातानें दान दिलें तेव्हां तो पिरॅमिड सुमारें सव्वीसशें वर्षांचा जुना झाला होता. आणि उषवदातापासून आपण सुमारें एकोणीसशें वर्षांवर आहों. आपल्याला उषवदात जितका दूर, त्याहून त्याला खुफू अधिक दूर होता. ज्याला आपण एका शब्दांत 'प्राचीन' म्हणून बाजूला ठेवतों, त्या काळाच्या पोटांत एवढें अंतर आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या एखाद्या सुटीच्या दिवशीं कागदाची पट्टी करून ती मुलांच्या अभ्यासाच्या जागीं लावावी. बारा खुंट्या त्यांच्या हातानें लिहवून घ्याव्या. नाशिककरांनीं मुलांना घेऊन सकाळच्या उन्हांत डोंगर चढावा, दहाव्या लेण्याच्या ओवरींत उभें राहावें, आणि बेचाळीस हा आंकडा कशाचा, असें त्यांना विचारावें. उत्तर लगेच सांगूं नये. मुलाला थोडा विचार करूं द्यावा.